तळची माती

तलावाचं पाणी बाधतं, अशी बोंब उठली त्या दिवसापासून गोदावरीबाईनं सुनेला त्याचा थेंब शिवू दिला नव्हता. वरच्या मँगनीजच्या खाणीतलं काळं पाणी नाल्यानं तलावात उतरायचं, ते आंधळ्यालाही दिसलं असतं. रुखमिणीचं दोनदा पोट पडलेलं. म्हणून या खेपेला म्हातारी कंबर मोडेस्तोवर लांबच्या विहिरीची घागर वाहायची.

रुखमिणीला डोहाळे लागले ते मातीचे. तलावाच्या तळची चिकणमाती, वड्या थापून निखाऱ्यावर भाजलेली. गोदावरीबाईनंही आपल्या वेळी ती खाल्ली होती आणि तिचा टेकचंद चांगला बैलासारखा निपजला होता. मग सुनेला पुरवताना हात कशाला आखडायचा?

माघात तपासायला तलावाचं पाणी आणि गाळ बाटल्यांत भरून नेलेले नागपूरच्या कॉलेजातले मास्तर चैत्रात जीप घेऊन परत आले. तलावाच्या बांधावर, पाळीवर, गाव जमलं.

"पाणी बरंच निवळ आहे," मास्तर म्हणाले. "शिसं, मँगनीज सगळं खाली बसतं. विष साचलंय ते तळच्या गाळात."

आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी! गोदावरीबाई गर्दीतून पुढं घुसली.

"भाजल्यावर जाते का जी ते?"

"धातू आहे, आजी. जळून कुठं जाईल?" मास्तर हसले. "पण भाजता कशाला?"

एवढ्या बाप्यांपुढं तिची जीभ रेटेना. "चुलीले लिपाले लागते जी," ती पुटपुटली आणि घराकडं सुटली.

रुखमिणी ओसरीत भिंतीला टेकून वडी चघळत होती. ओठांना काळी कड आली होती.

"आत्याबाई, माती सरून राहिली. आणखी आणता का?"

"थुंक! पयले थुंक!" गोदावरीबाईनं वडी हिसकून अंगणात भिरकावली.

"काहून जी? काय झालं?" पोरगी भेदरून पोट धरून बसली.

तिला काय सांगणार? पाण्याला पहारा दिला आणि विष आपल्याच हातानं भरवलं. म्हातारी आल्या पावली उलटी धावली. जीप सुरू झाली होती. तिनं बॉनेटवर दोन्ही हात आपटले.

"चूल नाही लिपली, साहेब! सुनेले खाऊ घातली म्या. रोज!"

मास्तर खाली उतरले.

"कितवा महिना?"

"आठवा."

ते ड्रायव्हरकडं वळले. "बाटल्या उतरव सगळ्या. मागची सीट रिकामी कर. भंडाऱ्याच्या दवाखान्यात जायचंय, आत्ताच."