एक अंडं, दोन अंडी

पेठ वडगावच्या पिराजीनं साडेतीन वर्षांच्या नातीकडून शंभरापर्यंत आकडे पाठ करून घेतले. "आमची तेजस्वी कलेक्टर हुणार," हे तो डेअरीत दूध घालताना सांगायचा, आणि कुणी विचारलं नसलं तरी सांगायचा.

शिरोळहून व्याही केरबा आला. त्याला धड पाणीही न पिऊ देता पिराजी म्हणाला, "म्हण गं, आजोबास्नी आकडं म्हणून दाखव." पोरगी डोळे मिटून जी सुटली, ती शंभरावरच थांबली.

"लई झकास!" केरबा म्हणाला. "आता खुराड्यातनं मला चार अंडी आण बघू."

तेजस्वी झग्याचा घोळ भरून अंडी घेऊन आली. दोन वाटेतच फुटली होती.

"ही चार व्हय?"

"व्हय," ती ठणकावून म्हणाली.

केरबा खदखदून हसला. "पावणं, पोपट चांगला पाळलाय की!"

पिराजीचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. व्याही गेल्यावर त्यानं नातीला पुढ्यात बसवून 'चार' एवढ्या मोठ्यानं शिकवलं, की गोठ्यातल्या म्हशीनं पान्हा चोरला.

शेवटी सून निशा बाहेर आली. "मामा, तिला ते गाणं वाटतंय. 'चार' सोडा, अजून 'दोन' कळायचाय. बोलता बोलता कळंल."

"बोलून गणित येतंय व्हय?"

निशानं एक अंडं उचललं. "तेजू, हे काय?"

"अंडं."

शेजारी दुसरं ठेवलं. "आणि आता?"

"अंडी!"

"बघा. एक कुठलं आणि जास्त कुठली, तिच्या जिभेला ठावं हाय. आता नुसतं दोन म्हणायचं."

मग घरात तेच सुरू झालं. एक वांगं, दोन वांगी. एक भाकरी, तीन भाकऱ्या. आधी कुरकुरणारा पिराजीही गोठ्यात "एक रेडकू, दोन रेडकं" करू लागला. दिवाळी झाल्यावर एकदा तेजस्वीनं मागितले तेवढेच, बरोबर चार कांदे आणून दिले. पिराजीनं तिथल्या तिथं शिरोळला फोन लावला. "या आता, पावणं! या!"

केरबा आला. तेजस्वी पिराजीच्या मांडीवर चढली आणि तिनं मिशीचं एक टोक ओढलं.

"आबा, ही मिशी?"

"व्हय."

दुसरं टोक ओढलं. "आणि ही?"

"ती बी मिशीच."

"मग दोन मिशा."

"न्हाय गं, एकच."

"एकच कशी? मधी तुटलीया की!"

"पोरगी बरोबर बोलती," केरबा म्हणाला. "एकच कशी काय, पावणं?" दोघांची अशी जुंपली की चहा गार झाला.

तोवर तेजस्वी केरबाच्या नाकाकडं वळली होती. "आजोबा, एक नाक, दोन भोकं!"