हाताळणीच्या तक्त्यात आई

विद्यापीठात संगणकीय तपास शिकायला लागल्यापासून आमचा धाकटा भाऊ रिमोट कुणी हलवला याचासुद्धा जबाब घ्यायचा. शेवटच्या परीक्षेला प्रत्येकाला घरी न्यायला सीलबंद पिशवीत एक पेन ड्राइव्ह मिळाला. त्याची हुबेहूब प्रत काढायची, प्रतीतून पुसलेली फाइल शोधायची, आणि पुरावा कुणी, कधी, कशासाठी हाताळला ते तक्त्यात लिहायचं. मूळ वस्तूत ढवळाढवळ झाली की नापास, आणि नापास म्हणजे वर्ष गेलं.

प्रत काढायच्या आधी धाकटे साहेब केबल आणायला दुकानात गेले. परत येऊन बघतात तर पुरावा टीव्हीला लावलेला.

"आई! काय केलंस हे?"

"गाणी आहेत का बघत होते. काही नाहीये त्यात. रिकामाच टेकवलाय तुला."

"आणि सीलची पिशवी?"

"धुऊन वाळत घातलीये. चांगली जाड होती."

टीव्हीने सवयीप्रमाणे पेन ड्राइव्हमध्ये स्वतःचा फोल्डर करून ठेवला होता. वर्गात पुराव्यातल्या सगळ्या मजकुरावरून एक लांबलचक आकडा काढून नोंदवलेला असतो. तो रुसक्या आत्याच्या जातीचा: इकडची काडी तिकडे झाली की ओळखच देत नाही. जुळला नाहीच.

मित्राने फोनवर मार्ग सुचवला. "आकडा उतरवताना चुकला म्हण. आईचं नावच काढू नकोस."

धाकट्याने मान डोलावली, पण फोन स्पीकरवर होता.

"का बरं? हात मी लावला, नाव माझं नको? आण तो तक्ता."

आईने स्वच्छ अक्षरात लिहिलं: दुपारी चार वाजून दोन मिनिटं, कारण, गाणी शोधणे. खाली पिशवी धुतल्याची वेगळी नोंद. दोन्हींपुढे सही. धाकट्याने फाइल शोधून काढली आणि तो तक्ता जोडून अहवाल दिला.

तोंडी परीक्षेला सरांनी फर्मावलं, "या आईंना हजर करा." मीही सोबत गेले, असा तमाशा फुकट कोण सोडतं?

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही चार-दोन लिहिलंय. टीव्हीचा फोल्डर चार-बाराचा आहे. खोटं कोण बोलतंय?"

धाकट्याचं तोंड एवढंसं झालं.

"टीव्ही," आई म्हणाली. "त्याचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. मीच केलंय. तेवढं केल्याशिवाय हे बातम्यांसमोरून जेवायला उठत नाहीत."

"त्यांना माहीत नाही?"

"ते कुठे तपास शिकलेत?" आईने धाकट्याकडे बोट केलं. "आणि हा शिकतोय, त्याला तरी कुठे कळलं?"

सरांनी बाकीच्या तक्त्यांचा गठ्ठा चाळला. विद्यार्थ्याची एक नोंद सोडली तर सगळे कोरे करकरीत. "एकोणतीस घरांत पुराव्याला दुसऱ्या कुणाचा हातच लागला नाही म्हणे. बरं, आकडा मोडला तो मोडलाच, पण का मोडला ते तरी तुमच्याकडे सहीनिशी आहे."

मग त्यांनी शेरा लिहिला: 'साक्षीदार उत्कृष्ट. तपासनीस काठावर पास.'

संध्याकाळी बाबांनी कौतुकाने विचारलं, "अगं, असं काय सांगितलंस तू सरांना?"

धाकट्याने तोंड उघडलं. आईने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

"परीक्षेतली साक्ष गोपनीय असते. चला, वेळ झाली, पानं घेतलीयेत."

बाबांनी टीव्हीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि लगबगीने उठले.