अलग वाटीत सांबार

"भैया! ओ लाल जाकीटवाले भैया!"

दुर्पता थबकली. तिनं मागे पाहिलं, पुढे पाहिलं. लाल जाकीट घातलेला भैया काही दिसेना. मग एकदम तिची ट्यूब पेटली आणि असं काही हसू फुटलं की हातातल्या ट्रेमधले ग्लास किणकिणले. लाल जाकीट तर तिच्याच अंगात होतं, साडीवरून चढवलेलं!

"अवो बाप्पा, मीच का?"

ती वळली तसा तीन नंबर टेबलवरचा माणूस ओशाळला. "अरे, सॉरी हां... वो पीछे से..." पुढं तिला काय म्हणून हाक मारावी हे काही त्याला सुचेना. ताई म्हणावं, मावशी म्हणावं की मॅडम? शेवटी तो नुसतंच "पानी" म्हणाला.

त्याची तरी काय चूक! गोंदियाच्या स्टेशनजवळच्या या हॉटेलात बाईमाणसानं कधी वाढलंच नव्हतं. दुर्पता रोज सकाळच्या गाडीनं दरेकशाहून यायची आणि थेट मागच्या मोरीत जाऊन बसायची. गिऱ्हाइकांची तिला ओळख व्हायची ती खरकट्या ताटांवरून. हा मिरची बाजूला काढतो, ही भात टाकते, या पोरानं पोळीखाली भाजी लपवली आहे. ताटं आत सरकवायच्या खिडकीतून हॉलचा एक तुकडा दिसायचा, पंख्याचं एक पातं आणि कुणाचे तरी बूट. एवढंच. तिचं नावसुद्धा कुणाच्या तोंडी नव्हतं. शेठपासून सगळ्यांसाठी ती 'बर्तनवाली'.

आज मात्र शेठची फजिती झाली होती. योगराज आणि दुसरा वाढपी, दोघंही धान कापायला गावी गेलेले, आणि रविवारची दुपार गिऱ्हाइकांनी तुंबलेली. हेमेंद्रशेठ डोकं धरून बसले होते तेव्हा दुर्पतानं ओले हात पदराला पुसत म्हटलं होतं, "मी वाढू का, शेठ?"

शेठनं खिळ्यावरचं योगराजचं जाकीट काढून तिच्याकडे फेकलं. "आज देखते हैं. चल गई तो रोज़ बाहर. पर एक भी गड़बड़ हुई ना, तो सीधे बर्तन पे!"

रोज बाहर! या दोन शब्दांवर ती दुपारभर उडत होती. उडत म्हणजे अक्षरशः! एका टेबलावर नवऱ्याला रोटी कडक हवी, बायकोला नरम, आणि पोराला रोटीच नको. दुसऱ्या टेबलावर फोनमध्ये बुडालेला मुलगा वर न बघताच "हां, हां" म्हणायचा आणि पदार्थ आला की, "ये मैंने कब बोला?" वरणाची वाटी अशी गरम की बोटं पोळायची. पण तोंडावर हसू ठेवायचं. पायांचे तुकडे पडत होते, तरी दुर्पताला वाटत होतं, ही दुपार संपूच नये!

तेवढ्यात पाच नंबरवर पुण्याचं कुटुंब येऊन बसलं. मुलगा जवळच्या बिरसी विमानतळावर विमान उडवायला शिकण्यासाठी नुकताच दाखल झालेला. आईवडील त्याला भेटायला आलेले. आईनं भिंतीवरचा फळा वाचला आणि तिचे डोळेच चमकले.

"सांबारवडी द्या तीन प्लेट. आणि सांबार वेगळ्या वाटीत आणा हं. भरपूर! मला खूप लागतं सांबार."

"आनतो ना!" दुर्पता धावली.

स्वयंपाकघरात बकाराम कढईतून वड्या काढत होता. "अलग सांबार? कायले वो?"

"मले काय माहीत! पुण्याचे लोक आहेत. खात असतीन."

"कच्चाच?"

"तू दे ना बापा! बाई कवाची वाट पाहून राहिली."

बकारामनं खांदे उडवले आणि बचकभर हिरवागार, ताजा, बारीक चिरलेला सांबार वाटीत भरला. दुर्पतानं त्यावर लिंबाची फोडही ठेवली. वड्यांच्या प्लेटा, कढी आणि ती वाटी तिनं अशा थाटात पाच नंबरवर नेली की जणू आहेर घेऊन निघाली आहे.

आईनं वाटीत पाहिलं. मग दुर्पताकडे पाहिलं. "हे काय? कोथिंबीर?"

"सांबार. अलग वाटीत. भरून आनला."

"अहो, मी सांबार मागितलं! डाळीचं! वड्यावर घालतात ते!"

आजूबाजूचे घास थांबले. तीन नंबरवाला मान वळवून पाहू लागला. शेठ गल्ला सोडून धावत आले. "सॉरी मॅडम, ये नई है, बर्तनवाली है... ए, जाकीट निकाल! जा अंदर!"

दुर्पताचा हात जाकिटाच्या गुंडीवर गेला. एक गुंडी सुटलीसुद्धा. पण दुसरीपाशी बोटं अडली. घरीदारी, बाजारात, आयुष्यभर ज्याला सांबार म्हटलं, तोच तर आणला होता!

"काऊन काढू, शेठ?" ती म्हणाली. आवाज खणखणीत होता. "बाईनं सांबार मांगला, म्या सांबार आनला. आमच्या इकडं ह्यालेच सांबार म्हणते. वडीत बी हाच भरला आहे. बाई, एक घास खाऊन तं पाहा. नाही आवडला तं जातो मी आतमंदी."

सगळं हॉटेल बाईच्या तोंडाकडे बघू लागलं. बाईनं कुरकुरीत वडी मोडली. आतून हिरवं, तिखट, खसखस-खोबऱ्याचं सारण बाहेर आलं. तिनं एक तुकडा कढीत बुडवून तोंडात टाकला. चावलं. पुन्हा चावलं.

"अगंबाई!" एवढंच म्हणून तिनं दुसरा तुकडा मोडला. मग वाटीतली कोथिंबीर चिमटीनं वडीवर भुरभुरली, लिंबू पिळलं. "मग तुमच्याकडे त्या डाळीच्या सांबाराला काय म्हणतात?"

"सांबारच!"

"मग कळतं कसं?"

"वडी म्हटलं का पाला, वडा म्हटलं का पाणी!"

विमान शिकणारा मुलगा असा हसला की त्याला ठसका लागला. बाईचा नवरा हसला, तीन नंबरवालाही हसला. "इकडे पण एक सांबारवडी!" तो ओरडला. "अलग वाटीसकट!"

शेठ परत गल्ल्यावर जाऊन बसले.

जाताना बाई दारात थांबली. "नाव काय तुमचं?"

"दुर्पता."

"येते हं, दुर्पताताई. पुढच्या खेपेलाही तुम्हीच वाढा."

त्या हाकेचं काय करावं हे दुर्पताला कळेना. सुटलेली गुंडी तिनं पुन्हा लावली.

पाच नंबरवर नवं गिऱ्हाईक येऊन बसलं. शेठनं सवयीनं मोरीकडे तोंड करून हाक घातली, "ए बर्तनवा..."

मध्येच ते थांबले. घसा खाकरला.

"दुर्पताताई, पाच नंबर."

"आली!" ती म्हणाली, आणि निघता निघता तिनं दोन्ही हात पदराला पुसले. हात कोरडेच होते.