शोधलं, शोधलं, पण शोधलं नाही

बस गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर थांबली आणि सुएमीला राहवेना. पेटी उघडायची तशी काही गरज नव्हती. तुलुम अजून लांब होतं, आणि जत्रा तर संध्याकाळची. पण शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारी ती पहिली मुलगी, आणि आज हारानाच्या नाचाची सुरुवातच तिच्या ट्रम्पेटनं व्हायची होती. बाकीचं सगळं गप्प असताना वर चढत जाणारी ती तान, जी कानावर पडली की भरतकामाचे पांढरे घोळ सावरत बायका खुर्च्यांवरून उठतात, ती सुएमीची. एकटीची. असं असताना पेटी नुसती मांडीवर घेऊन शहाण्यासारखं बसायचं म्हणजे जरा जास्तच झालं. तिनं खटके उघडले, झाकण वर केलं आणि शेजारच्या नेय्दीला कोपरानं ढोसलं.

ट्रम्पेट होतं. लखलखत होतं. माउथपीस नव्हतं.

"अगं, याचं तोंड कुठाय?" नेय्दी म्हणाली.

सुएमीच्या तोंडचं पाणी पळालं. काल तिनं ते साबणाच्या पाण्यात घासलं होतं, पुसलं होतं, आणि वाळायला ठेवलं होतं. कपडे धुवायच्या टाकीच्या कडेवर? झुल्यात? खिडकीत? काही केल्या आठवेना. पेटी उलटी केली, अस्तराखाली बोटं घातली, पिशवीतले कपडे सीटवर पसरले. मागून विल्बेर्त, म्हणजे बँडमधला दुसरा ट्रम्पेटवाला, वाकून म्हणाला की काळजी करू नकोस, तू नुसती उभी राहून गाल फुगव, लांबून कुणाला कळतंय. त्याच्याकडे त्याचं एकच माउथपीस होतं आणि ते त्याला लागणारच होतं. ट्रॉम्बोनचं बसत नाही. संपलं.

सुएमीच्या फोनमध्ये बोलायला पैसे नसायचेच. म्हणून मग बँडच्या एवेरार्दो मास्तरांच्या फोनवरून घरी फोन लागला. आईनं आधी मुलीच्या डोक्यात काय भरलंय याची चौकशी केली, मग शोधते म्हणाली. बस निघाली.

त्यांचं गाव, कारियो पुएर्तो, सोडलं की रस्ता सुतात आखल्यासारखा उत्तरेला जातो. दोन्ही बाजूंना ठेंगणं, दाट रान. समुद्र उजव्या हाताला आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो दिसत नाही, नुसता खिडकीतून दमट खारट वारा पाठवत राहतो. आणि फोनची रेंज त्या रानात शिरते न शिरते तोच निघून जाते. ती जायच्या अगदी बेतात असताना मास्तरांचा फोन वाजला. पुढच्या सीटवर बसून मास्तर कानात बोट घालून "हॅलो, हॅलो" करत राहिले, मग फोन खिशात ठेवून मागे आले.

एवेरार्दो मास्तर तोलुकाचे. तिकडच्या थंड डोंगरांतून आलेल्या सगळ्यांनाच इकडे पाठीमागे 'वाच' म्हणतात, तसं त्यांनाही म्हणायचे, पण प्रेमानं. जानेवारीत आले तेव्हा स्वेटर घालून आले होते. घाम गाळत गाळत त्यांनी बँडला नीट सुरात आणलं होतं, आणि इतर सगळे मुलगी कशाला म्हणत असताना सुएमीच्या हातात ट्रम्पेट दिलं होतं. त्यामुळे त्यांचा चेहरा पडलेला पाहिला तेव्हा सुएमीनं पेटीचं झाकण लावून टाकलं.

"तुझ्या आईचा फोन होता," ते म्हणाले. "शोधलं म्हणाल्या. बिचाऱ्या खूप धावपळ करत होत्या, धापच लागली होती. मग लाइन तुटली."

पुढचं त्यांनी फार हळुवारपणे सांगितलं. सुरुवात विल्बेर्त वाजवील. सुएमीनं झांजा धराव्यात. पुढच्या वेळी तिचीच तान, शब्द दिला. सुएमी "हो मास्तर" म्हणाली. आजवर आयुष्यात इतकं छोटं वाक्य ती कधी बोलली नव्हती. मग तिनं कपाळ खिडकीच्या काचेला टेकवलं. गतिरोधक आला, बस उडाली, कपाळ आपटलं. तरी तिनं ते तिथंच ठेवलं. रस्त्याच्या कडेला मधाच्या बाटल्या मांडून बसलेल्या बाईनं हात केला, तिला हात करायचंही सुचलं नाही. आईनं पिशवीतल्या पोशाखाच्या गळ्यावर नवीन फुलं भरून दिली होती. झांजा धरायला एवढी फुलं कशाला, असं वाटून तिला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात नेय्दीची चप्पल हरवली.

नेय्दी बसमध्ये बसली की आधी चपला काढायची आणि पाय सीटवर घ्यायची. प्रत्येक गतिरोधकाला चपला पुढे पुढे प्रवासाला निघायच्या. आता एक सापडत नव्हती. ती गुडघ्यांवर रांगत चार सीटा पुढे गेली, तिथून परत आली आणि वैतागून म्हणाली, "शोधली, शोधली, पण शोधली नाही."

ड्रमवाल्याच्या पायाखालून कुणीतरी चप्पल वर धरली. "ही घे. शोधली."

आणि सुएमीचं कपाळ काचेवरून सुटलं.

तिकडे घरोघरी असंच बोलतात. माया भाषेत हुडकण्यालाही तोच शब्द आणि सापडण्यालाही तोच, आणि स्पॅनिश बोलायला लागले तरी लोकांनी ती सवय काही सोडली नाही. शोधलं म्हणजे सापडलं. सापडलं नसेल तर माणूस आणखी शोधत असतो, तो फोन कशाला करेल? शाळेत भाषेच्या बाई मात्र या शब्दाखाली लाल रेघा मारमारून थकल्या होत्या. त्यांच्या भीतीनं मुलं वर्गात आणि बाहेरच्या माणसांसमोर अगदी पुस्तकातल्यासारखं बोलायची. मास्तरांशी तर फारच. म्हणूनच मास्तरांच्या तोंडून "शोधलं" ऐकलं तेव्हा सुएमीनंही ते मास्तरांच्याच भाषेत ऐकलं होतं. पण शब्द मास्तरांचा नव्हताच. शब्द आईचा होता.

ती नेय्दीच्या अंगावरून उडी मारून पुढे गेली.

"मास्तर, आई नक्की काय म्हणाली? तिचेच शब्द सांगा. तुमचे नकोत."

मास्तरांनी आठवलं. "'मास्तर, शोधलं.' एवढंच. मग 'पोरीला' असं काहीतरी, आणि खरखर."

"एकदाच म्हणाली? शोधलं, एकदाच?"

"एकदाच."

मग सुएमीनं त्यांना सगळं समजावून सांगितलं, इतक्या भरभर की मास्तरांना दोनदा थांबवावं लागलं. न सापडलेली वस्तू तीनदा शोधावी लागते: शोधलं, शोधलं, पण शोधलं नाही. एकदाच म्हटलं की सापडलं. आईला सापडलं असेल तर ती गप्प बसणार नाही, तिनं ते पाठवलं असणार. आणि पाठवलं असेल तर शेजारच्या गास्पारकाकांच्या हाती, कारण त्यांची व्हॅन रोज तुलुमला जाते आणि अर्ध्या गल्लीचे डबे, औषधं, कोंबड्या तेच पोचवतात. म्हणजे माउथपीस याच रस्त्यावर आहे, आपल्या मागे.

विल्बेर्त सीटच्या पाठीवर हनुवटी ठेवून ऐकत होता. "आणि लाइन 'पण'च्या आधी तुटली असेल तर?" त्यानं विचारलं. "आपलं एक विचारतोय."

वाईट वाटलं ते याचंच, की प्रश्न चांगला होता. आईची धाप तिच्या कानात आली. शोधून दमलेली धाप, की पुडकं घेऊन नाक्यापर्यंत पळालेल्या बाईची? सांगता येत नव्हतं. फोन करून विचारावं म्हटलं तर रेंज नावालाही नव्हती.

"मग मी झांजा वाजवीन," ती म्हणाली. "पण मुयीलला थांबूया. तुम्हाला तसंही देवळं बघायचीयत ना मास्तर? तुम्ही बघून येईपर्यंत. तेवढंच."

मुयीलची जुनी देवळं रस्त्याला अगदी लागून झाडांत उभी आहेत. मास्तर जानेवारीपासून ती बघायची म्हणत होते, आणि मुलं मास्तरांना दगड कसले बघायचे असतात म्हणून हसत होती, कारण त्या पायऱ्यांखाली त्यांनी लहानपणापासून सहलीचे डबे खाल्ले होते. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. एका शब्दावर पोरीनं एवढा डोलारा उभा केला होता. पण डोलारा त्यांना आवडलेला दिसला. ड्रायव्हरला त्यांनी मुयीलला थांबायला सांगितलं.

मास्तर झाडांत शिरले आणि सुएमी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. गरम डांबरावरून हवा थरथरत होती. दक्षिणेकडून एक पांढरी व्हॅन आली, सुएमीनं दोन्ही हात हलवले, व्हॅन सुसाट निघून गेली. दुसरीही गेली. तिकडच्या व्हॅन सगळ्या पांढऱ्या, सगळ्या भरलेल्या, आणि भरलेली व्हॅन हात करणाऱ्याकडे बघतसुद्धा नाही. गास्पारकाका तर शर्यत लागल्यासारखी गाडी हाणायचे.

"असं नाही दिसणार त्यांना," नेय्दी म्हणाली. तिच्या पायात आता दोन्ही चपला होत्या.

सुएमीनं बसकडे पाहिलं. बसच्या टपावर ड्रम बांधलेला होता. खिडक्यांतून सगळा बँड तिच्याकडे बघत होता.

इथंच वाजवूया का, असं तिनं विचारलं तेव्हा कुणी नाही म्हणालं नाही, हे तिला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं. ड्रम खाली आला. ट्रॉम्बोन निघाले. विल्बेर्तनं ओठ ओले केले, मग सुएमीकडे बघून सांगितलं की तुझी तान मी वाजवणार नाही, ती सोडून पुढचं धरतो. आणि भर दुपारी, पुढे डांबरी रस्ता आणि मागे झाडांतून डोकं काढलेलं देऊळ, अशा जागी हाराना सुरू झाला. सुरुवातीविना, मधूनच, दारातून न येता खिडकीतून आल्यासारखा. नेय्दीनं रस्त्याच्या कडेच्या मातीत पाय आपटत नाचायला घेतलं. दोन परदेशी माणसं फोटो काढायला थांबली. सुएमी टाळ्या वाजवत होती आणि रस्त्याच्या टोकाकडे बघत होती.

झाडांतून मास्तर धावत आले, बहुधा अपघात झाला असं समजून. आले, बघत राहिले, आणि मग हात वर करून ताल धरायला लागले, कारण ड्रमवाला घाईत होता आणि त्यांना ते सोसवत नव्हतं.

एक पांढरी व्हॅन आली. गेली. बरीच पुढे जाऊन तिचे मागचे लाल दिवे लागले. मग ती तशीच मागे मागे येऊ लागली आणि खिडकीतून गास्पारकाकांचं डोकं बाहेर आलं.

"तुलुमला जत्रा आहे म्हणून सांगितलं तुझ्या आईनं. इथं कुणाचं लग्न लावताय?" आणि गाडीतल्या बायका हसत असताना त्यांनी सीटखालून फडक्यात बांधलेलं पुडकं काढलं. "घे. वर तळलेले सालबुत आहेत, गरम होते तोवर गरम होते. तुझी वस्तू खाली आहे. मक्याच्या पिठाच्या पातेल्यात ठेवली होतीस म्हणे. तुझी आई माझ्या गाडीमागं नाक्यापर्यंत पळाली. परत गेलीस की ओरडा खायला तयार राहा."

सुएमीनं फडक्याची गाठ तिथंच सोडली. सालबुत कुणाच्या हातात गेले, तिला कळलंसुद्धा नाही. तळाशी माउथपीस होतं, कडेला पिठाची पांढरी रेघ. तिनं ते शर्टाला पुसलं. घाईघाईत बसवायला दोनदा चुकलं.

मास्तर तिच्यासमोर येऊन उभे राहिले. त्यांच्या टोपीवर झाडाचं पान पडलेलं होतं आणि गळा घामानं चमकत होता.

"जानेवारीपासून मी एक ट्रम्पेटवाली शोधली," ते म्हणाले.

सुएमीनं वर पाहिलं. "तुमच्याकडची शोधली, मास्तर, की आमच्याकडची?"

"एकदाच म्हणालोय की मी."

मग त्यांनी हात वर केला. सगळा बँड थांबला, विल्बेर्तनं ट्रम्पेट खाली घेतलं. गास्पारकाकांनी चक्क इंजिन बंद केलं, आणि गाडीतल्या घाई असलेल्या बायकांपैकी कुणीही त्यांना बोललं नाही. रानात किडे किर्र करत होते. सुएमीनं श्वास घेतला. पहिला सूर फाटला, पिठामुळे असेल किंवा घाबरल्यामुळे. दुसरा लागला. मग तान चढत गेली, झाडांच्या वर, देवळाच्या माथ्याच्या वर, आणि व्हॅनमधली एक म्हातारी आपल्या पोशाखाचे घोळ सावरत सीटवरून उठू लागली.