एकशे बहात्तर पायऱ्या

"इथे 'प्रत्यक्ष पाहणी झाली' असं छापलंय." नकाशेबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "कुणी केली?"

"केली म्हणजे... झालीच ना," साहेब म्हणाले. "अख्खं शहर संगणकावर आहे. तुमची फक्त सही हवीय."

"शहर असेल संगणकावर साहेब. कचरा लोकांच्या घरात आहे."

पलीकडच्या टेबलावरचा टंकलेखक खोकल्याचं निमित्त करून हसला. साहेबांनी मान वळवली, तसं त्याने फायलीत तोंड खुपसलं.

नगरपालिकेच्या कचरा विभागात बाईंचं एकतिसावं वर्ष चालू होतं. कुठल्या गल्लीत कुठली गाडी किती वाजता जाणार, ओला कचरा कधी उचलायचा, कागद-काच-प्लास्टिक कुठल्या वारी, हे त्या ठरवायच्या. प्रत्येक गल्ली पायी फिरून त्यांनी हाताने नकाशे काढले होते. त्यावरून नाव पडलं नकाशेबाई. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं.

साहेब येऊन चार महिने झाले होते. हुशार, तरतरीत माणूस. त्यांनी बाहेरच्या तज्ज्ञांकडून नवा आराखडा करून घेतला होता आणि तो बराचसा चांगलाही होता, हे बाईंनी मनातल्या मनात मान्य केलं. बाजारातल्या गाड्यांची उलटसुलट धाव त्यात सरळ झाली होती. पण शेवटच्या पानावर टेकडीवरची पायऱ्यांची गल्ली राखाडी रंगात होती. शेजारी लिहिलं होतं : 'रहिवाशांनी कचरा मुख्य रस्त्यावरील कुंडीत आणून टाकावा. अंतर नव्वद मीटर.'

"नव्वद मीटर म्हणजे काही फार नाही," साहेब म्हणाले.

"वरून बघितलं की जिना सपाटच दिसतो. एकशे बहात्तर पायऱ्या आहेत साहेब. कठडा नाही."

"बाई, चौऱ्याऐंशी घरं आहेत. त्यांच्यासाठी दोन माणसं रोज अडकवून ठेवायची? शुक्रवारी समितीपुढे आराखडा जायचाय. तोवर सही झालेली हवी."

"तोवर पाहणी करते," बाई म्हणाल्या आणि सही न करता कागद त्यांनी साहेबांच्या बाजूला सरकवला.

संध्याकाळी घरी त्यांनी हे सांगितलं तेव्हा नवरा नळाचा वॉशर बदलत होता. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून घरातल्या प्रत्येक स्क्रूच्या मागे लागला होता.

"दोन वर्षं राहिलीत तुझी," तो म्हणाला. "गप्प बसून काढलीस तर काय बिघडेल?"

"गप्प बसून एकदा बघितलंय."

त्याने पाना खाली ठेवला. त्याला ठाऊक होतं. नोकरीच्या सहाव्या वर्षी अशाच एका कागदावर त्यांनी सही केली होती. जुन्या गिरणीमागची वस्ती आराखड्यातून गळाली होती, आणि वरिष्ठ म्हणाले होते, करा हो सही, पुढच्या वर्षी घेऊ. लोकांनी कचरा नाल्यात टाकला. टाकणार नाहीत तर काय करणार? नाला तुंबला, घाण पाणी घरांत शिरलं, आजार पसरला. एका घरातली पाच वर्षांची मुलगी दवाखान्यातून परत आली नाही. चौकशी झाली, कुणावर काही ठपका आला नाही. बाई त्या घराच्या कोपऱ्यापर्यंत दोनदा जाऊन माघारी फिरल्या होत्या. दार वाजवायचं धाडस झालं नव्हतं. न चालता सही करायची नाही, हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. पण तेव्हापासून केलीही नव्हती.

"उद्या चपला घालून जाऊ नकोस," नवरा म्हणाला. "पाय मुरगळेल. माझे कॅनव्हासचे बूट बघ होतात का."

ते झाले, पुढे थोडा कापूस कोंबल्यावर.

सकाळी साडेसातला पायऱ्यांच्या तळाशी दोघी जावा पोती झटकत उभ्या होत्या. एक थोरली, एक धाकटी. सगळे त्यांना तशीच हाक मारत. चौदा वर्षं त्याच ही गल्ली सांभाळत होत्या. थोरलीच्या पाठीवर ओल्याचं पोतं, धाकटीच्या सुक्याचं.

"ताई, आमची गल्ली बंद होणार म्हणतात, खरं का?" धाकटीने विचारलं.

"अजून झाली नाही. चला वर. मला एकेक घर दाखवा."

तीन दिवस त्या चढल्या आणि उतरल्या. वहीत घरागणिक एक ओळ. एकोणिसाव्या दारात दोन म्हाताऱ्या बहिणी. एकीचे गुडघे गेलेले, दुसरीचा तोल. पस्तिसाव्या दारात गुडघ्याएवढी तीन लेकरं आणि आई दिवसभर कामावर. एक्केचाळिसाव्यात शिवणकाम करणारी बाई; नवरा चार वर्षं अंथरुणाला खिळलेला. त्याच्या जखमांच्या पट्ट्या आणि लंगोट थोरली वेगळ्या पिशवीत बांधून न्यायची.

"हा कचरा एक दिवस जरी राहिला ना ताई, तर घरात बसवत नाही," थोरली हळू आवाजात म्हणाली. "ती बिचारी बोलत नाही. मीच सुट्टी घेत नाही मग."

साठाव्या दारातल्या आजोबांना दिसत नव्हतं. त्यांच्या तीन डब्यांत मात्र एक कण इकडचा तिकडे नव्हता.

"डोळस लोकांची घाण बघायची तर पुढच्या दारात जा," आजोबा म्हणाले. "तो शिकलेला आहे."

धाकटी खो खो हसली. बाईंनी तेही लिहून घेतलं. चौऱ्याऐंशीपैकी तेवीस घरांत डबा घेऊन खाली उतरू शकेल असं कुणीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी उतरताना थोरलीने रिकाम्या हाताने बाईंचा दंड धरला आणि तळाशी पोचेपर्यंत सोडला नाही.

शुक्रवारी समितीच्या खोलीत पडद्यावर रंगीत शहर झळकलं. साहेब छान बोलले. अध्यक्षबाई मधल्या खुर्चीत हातरुमालाने वारा घेत ऐकत होत्या. देह धिप्पाड, आवाज खणखणीत, आणि कुणी आपल्याला फसवतंय असा संशय आला की ओठ मुडपायची सवय. शेवटचं पान आलं तसं नकाशेबाई मागच्या रांगेत उभ्या राहिल्या.

"या पानावर माझं नाव छापलंय. सही केलेली नाही. करणारही नाही."

"बाई, खाली बसा," साहेब म्हणाले.

"बसते. पण बसूनही हेच सांगणार."

अध्यक्षबाईंनी ओठ मुडपले. "तुमचं म्हणणं काय आहे?"

वही उघडून वाचावी, असं बाईंनी ठरवलं होतं. पण समोरच्या खुर्च्या, पाण्याचे ग्लास, पडद्यावरचा तो राखाडी ठिपका बघून त्यांनी वही मिटली.

"म्हणणं काही नाही. गल्ली इथून दहा मिनिटांवर आहे. चला."

"आत्ता?"

"कचरा आत्ताही आहे तिथे."

साहेब काहीतरी नियमाचं बोलू लागले, तेवढ्यात अध्यक्षबाई खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठल्या. "चला हो. बसून बसून कंबर धरलीय नाहीतरी."

अठ्ठ्याण्णवाव्या पायरीवर अध्यक्षबाईंनी फतकल मारली. चेहरा लालबुंद, श्वास भात्यासारखा.

"किती राहिल्या?"

"चौऱ्याहत्तर."

"आणि उतरताना?"

"एकशे बहात्तरच. दोन्ही हातांत डबे."

साहेब तरुण होते, ते पुढे निघून एक्केचाळिसाव्या दारापर्यंत पोचले होते. शिवणकाम करणारी बाई कडी वाजल्याचं ऐकून बाहेर आली. तिने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि गाठ मारलेली पिशवी त्यांच्या हातात दिली.

"तुम्ही नवीन का? थोरली आज आलीच नाही, बरं नाही वाटतं तिला. जरा जपून न्या हं, खालून फाटते. आणि उद्या साडेसातलाच या. उशीर झाला की त्यांना वासाचा त्रास होतो."

आतल्या खाटेवरून कुणीतरी क्षीण आवाजात म्हणालं, "कोण आलंय गं?"

"कचऱ्याचे आलेत," ती म्हणाली आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसली.

साहेब पिशवी धरून उभे राहिले. ती कुठे ठेवावी हे त्यांना सुचेना, आणि कुणी त्यांच्या हातून घेतलीही नाही. नकाशेबाईंनीसुद्धा नाही. सगळ्या पायऱ्या ते पिशवी अंगापासून लांब धरून उतरले. दोनदा पाय घसरला, पण पिशवी त्यांनी टाकली नाही, एवढं बाईंनी त्यांच्या बाजूने मनात नोंदलं.

त्याच दुपारी आराखड्यात एक ओळ वाढली : 'पायऱ्यांची गल्ली, रोज, पायी, दोन कर्मचारी.' ती वाचून बाईंनी सही केली. थोरली-धाकटीला निरोप गेला. धाकटीने म्हणे भर रस्त्यात पोतं हवेत उडवलं.

तीन आठवड्यांनी टंकलेखक एक लिफाफा घेऊन टेबलाशी आला. त्याची नजर वर उठत नव्हती.

"मीच टाइप केलं बाई. करावं लागलं."

बदली. शहराबाहेरच्या कचरा वर्गीकरणाच्या शेडवर, प्रशासकीय कारणास्तव, उद्यापासून.

"अध्यक्षबाईंना भेटा ना," तो कुजबुजला. "त्या एका मिनिटात रद्द करतील."

"गल्लीसाठी त्यांना पायऱ्या चढायला लावल्या. माझ्यासाठी नाही कुणाला चढायला लावणार."

कपाटात नकाशांच्या अडुसष्ट गुंडाळ्या होत्या. त्या कार्यालयाच्या मालकीच्या, नेता येणार नव्हत्या. बाईंनी एकेकीवरची धूळ पुसली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली. साहेब फोनवर होते. त्यांनी नुसती मान हलवली. बाईंनी तीही हलवली नाही. घरी जाताना मात्र बसमध्ये त्यांना एकदम भरून आलं. खिडकीकडे तोंड करून त्यांनी दोन थांबे डोळे पुसले, आणि तिसऱ्या थांब्यावर उतरून उरलेलं अंतर चालत गेल्या.

शेड म्हणजे पत्र्याचं लांबलचक छप्पर. मध्ये कचऱ्याचा सरकता पट्टा, दोन्ही बाजूंना चौदा बायका तोंडाला फडकी बांधून उभ्या. मुकादमाने बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"इथे तुमच्यासाठी खुर्ची नाहीये बाई. टेबलही नाही. सांगितलंच नाही कुणी काही."

"असू दे. उभी राहते."

साडेनऊपर्यंत पट्टा रिकामाच फिरत होता. बायका हात बांधून उभ्या होत्या. मग एकामागून एक अकरा गाड्या आल्या, आणि बघता बघता पट्ट्यावर डोंगर झाला. बायकांचे हात विजेसारखे चालले तरी निम्मा माल न निवडताच पुढे सरकून खड्ड्यात पडू लागला. कागद, बाटल्या, पत्रे, सगळं. टोकाची बाई मनगट चोळत ओरडली, "थांबव रे जरा!" पट्टा थांबला नाही.

नकाशेबाई तिच्याजवळ गेल्या.

"रोज असंच होतं?"

"रोज. दोन तास माशा मारायच्या, नि मग जीव जाईस्तोवर पळायचं. विचारतंय कोण?"

"पहिली गाडी कुठून येते?"

"बाजारातून."

"तिथे कचरा कधी गोळा होतो?"

"त्यांचा साडेसहालाच भरलेला असतो. गाडी नाक्यावर उभी ठेवतात, सगळ्यांनी मिळून निघायचं म्हणून."

"कुणी सांगितलं, मिळून निघा?"

टोकाच्या बाईने खांदे उडवले. मुकादम दुरून ओरडला, "ओ बाई, त्यांना कामाच्या वेळी बोलण्यात गुंतवू नका!"

"कामाचंच बोलतेय," नकाशेबाईंनी तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं.

मग त्यांनी पर्समधून बदलीचा आदेश काढला, उलटा केला, खांबाला टेकवला आणि कोऱ्या बाजूवर पहिली ओळ लिहिली : बाजार, साडेसहा.

"हं," त्या टोकाच्या बाईला म्हणाल्या. "दुसरी गाडी?"