चहावाल्या बाबांचा थर्मास

मित्रांनो, पोटात काच घेऊन जगणाऱ्याला स्वस्थता कुठून असणार? मी एक जुना थर्मास आहे. बाहेरून निळ्या पत्र्याचा, जागोजागी पोचे आलेला. चहा आत ओतला की माझा जीव टांगणीला लागतो. कोणीतरी मला उचलून लवकर निघावं, एवढंच तेव्हा वाटत राहतं.

कारखान्यातून मी परभणीच्या बाजारात आलो. तिथल्या एका भांड्यांच्या दुकानातून रेणुकाबाईंनी मला घेतलं. त्या पालमच्या एका लहानशा मिशन दवाखान्यात नर्स होत्या. एकदा बन्सीधर नावाचा तरुण आजारी आईला घेऊन तिथं आला. आई चारच दिवस जगली. ते चारही दिवस रेणुकाबाई काम संपल्यावर घरी न जाता त्याच्याजवळ बसायच्या आणि माझ्यातला चहा त्याला द्यायच्या. आई गेली तेव्हा त्या त्याच्याबरोबर रडल्या.

पुढं बन्सीधर ख्रिस्ताच्या मंडळीत आला, चर्चला जाऊ लागला. कोणाच्या प्रवचनानं आलास, असं लोक विचारायचे. तो म्हणायचा, "प्रवचन न्हाई. त्या बाई माझ्यासंगं रडल्या."

निवृत्त होऊन गाव सोडताना रेणुकाबाईंनी मला त्याच्या हातात दिलं. तो परभणी स्टेशनवर हमाली करायचा. दर रविवारी उपासना सुटली की मला चहानं भरायचा आणि परभणीच्याच मोठ्या दवाखान्याचा रस्ता धरायचा. वॉर्डाबाहेर खेड्यापाड्यांतून आलेले नातेवाईक चादरी अंथरून बसलेले असत. तो त्यांना चहा द्यायचा, आजारी माणसाचं नाव विचारायचा, प्रार्थना करू का म्हणायचा. कोणी नको म्हटलं तर नुसताच शेजारी बसायचा. अशी बावीस वर्षं गेली. लोक त्याला चहावाले बाबा म्हणू लागले. एका नाताळाला मंडळीनं त्याला शाल दिली, तेव्हा माझ्या झाकणातही कोणीतरी झेंडूचं फूल खोचलं. त्या दिवशी मी फार ऐटीत होतो.

दोन वर्षांपूर्वी बाबा आजारी पडले. सगळ्या मंडळीनं उपास केले, प्रार्थना केल्या. बाबा गेले.

त्यांची लेक प्रियांका हिनं मला माळ्यावर टाकलं. माझ्यात कपड्यांचे चिमटे भरले. ज्यानं बावीस वर्षं रविवार पाहिले, त्यानं चिमटे घेऊन पडून राहावं! मला करमेना. प्रियांकालाही करमत नव्हतं. ती उपासनेला जायची, पण दाराजवळ बसून शेवटच्या आशीर्वादाआधीच उठून यायची. मैत्रिणीला फोनवर सांगायची, की आपल्या तोंडून गीतही निघत नाही. ते मला माळ्यावर ऐकू यायचं.

गेल्या नोव्हेंबरात चर्चच्या पाळकसाहेबांनी ठरवलं, एका रविवारी गेलेल्या माणसांची आठवण करायची. ज्यांनी आपल्याला देवावरच्या विश्वासात आणलं, त्यांच्याविषयी प्रत्येकानं बोलायचं आणि त्यांची एखादी वस्तू आणायची. प्रियांकानं मला खाली काढलं, घासलं. मग कागद घेऊन बसली. लिहायची आणि फाडायची. शेवटी माझ्याकडं बघूनच म्हणाली, "आबांचा विश्वास कधी हालला न्हाई. माझा एका मरणात गेला. त्यांची लेक म्हणून मी काय बोलू?"

रविवारी तिनं मला टेबलावर ठेवलं. वडिलांचं नाव घेतलं आणि पुढं तिला बोलताच येईना. मंडळीत चुळबुळ सुरू झाली.

तेवढ्यात मागून एक म्हातारी उठली. ती राणीसावरगावची अंबाबाई, शेळ्या राखणारी. मुलाला तपासणीला घेऊन परभणीला आली होती आणि चहावाल्या बाबांना भेटावं म्हणून विचारत विचारत चर्चपर्यंत पोचली होती. बाबा गेल्याचं तिला तिथंच कळलं. तिनं मला ओळखलं.

ती म्हणाली, "माझा भुजंग दवाखान्यात होता तवा बाबा यायचे. मी इचारलं, बाबा, तुमचा देव ऐकतो का? तर म्हणले, माय, मला तरी रोज कुठं वाटायलंय, त्यो ऐकायलाय म्हणून. कदीकदी लय भ्या वाटतं. पर तू हितं एकटी बसलीस, हे तर मला दिसायलंय. तुझ्यापाशी बसू दे."

मित्रांनो, मला हे माहीत होतं. त्या दिवशी मी बाबांच्या मांडीवरच होतो. पण थर्मासाला सांगता येत नाही.

प्रियांका टेबलाला धरून उभी होती. "आबा असं म्हणले?" तिनं दोनदा विचारलं. मग ती रडली, आणि अंबाबाई पुढं येऊन तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. त्या दिवशी प्रियांका आशीर्वाद होईपर्यंत थांबली.

आता दर रविवारी ती मला घेऊन दवाखान्यात जाते. तिला अजून धड प्रार्थना करता येत नाही. परवा एका बाईशेजारी बसून हळूच म्हणाली, "देवा, तू ऐकायलास का न्हाई, मला ठाऊक न्हाई. पर हिच्या मालकाचं नाव रामकिशन हाय."

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना माळ्यावर टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण ज्यांनी तुम्हाला देवाची ओळख करून दिली, त्यांचा फोटो भिंतीवर लागण्याआधी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, तुम्हाला कधी भीती वाटली का? विचारल्याशिवाय ती माणसं सांगत नाहीत. उशीर करू नका. आमच्या घरी तो झाला.