वरच्या फळीवरचे साखरेचे भांडे

मित्रांनो, माझ्या झाकणाची मूठ वाकडी आहे म्हणून हसू नका. मी एक जुने साखरेचे भांडे आहे, पांढऱ्या चिनी मातीचे. आयर्लंडमधल्या एका खेड्यात नूला आणि मालाकी यांच्या लग्नात आहेर म्हणून आले आणि त्यांच्या टेबलावर ठाण मांडून बसले.

दरवर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवास सुरू होई त्या दिवशी, मालाकी चर्चमधून कपाळावर राख लावून येई आणि मला वरच्या फळीवर ठेवी. ईस्टरपर्यंत चहात साखर बंद! मध्ये संत पॅट्रिकच्या सणाला तेवढी एक दिवसाची सुट्टी. तेव्हा स्वारी चार-चार चमचे घाली. गावात त्याच्या उपवासाचे कौतुक होई. मी मात्र वर धूळ खात बसे.

तीन वर्षांपूर्वी शेजारी राहणाऱ्या त्याच्या थोरल्या भावाने, फिंटनने, मधली दगडी भिंत हातभर पुढे सरकवली. तेव्हापासून दोघांचा अबोला.

यंदा मालाकी मला उचलणार, तोच नूलाने झाकणावर हात ठेवला.

"राहू दे ते. यंदा साखर खा, अबोला सोड."

"अगं, त्यापेक्षा मी मीठसुद्धा सोडतो!"

"फिंटन पंच्याहत्तरीचा झाला. त्याच्या शवपेटीशी बोलणार आहेस का?"

मालाकीने हात मागे घेतला. मी टेबलावर राहिले म्हणून खूश होते, पण त्याला साखर घालूनही चहा गोड लागेना. सहा आठवडे तो कुढत राहिला.

शेवटी उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारच्या प्रार्थनेनंतर, त्याने मला कोटाखाली घेतले आणि फिंटनचे दार ठोठावले. मला कोटाखालून बाहेर काढताना झाकण उंबऱ्यावर पडले आणि मूठ तुटली.

"दादा, जरा... साखर हवी होती."

फिंटन माझ्यात डोकावला. "काठोकाठ भरलंय की!"

"मग तू घे."

"गाढवा, उपवासात मी साखर घेतो का? चल आत. बिनसाखरेचा कोरा चहा पिऊ."

दोघांनी मिळून मूठ चिकटवली. कुठल्या बाजूने, यावरून भांडले, म्हणून ती वाकडी बसली. ईस्टरच्या सकाळी फिंटनने आमच्या टेबलाशी बसून चार चमचे साखर घेतली. भिंत अजून तिथेच आहे.

मित्रांनो, घरातली जुनी भांडी जपा. पण कुणाच्या दारी जायचे राहिले असेल, तर मला खुशाल घेऊन जा. मी फुटले तरी चालेल.